आत्ती, तू टाकलेली नव्हतीस

आत्ती, आता तरी मला पुरतं बोलू दे. जिवंत होतीस तोवर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की तुझा हात आडवा यायचा, "कळलं, कळलं, फुडचं मला ठावं हाय." आणि बहुतेक वेळा तुला पुढचं मुळीच ठाऊक नसायचं. आज तो हात आडवा येणार नाही म्हणून लिहायला बसले. पण तो येत नाही म्हणूनच दर दोन ओळींनी थांबते आहे.

तुझ्यासाठी रडणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. ज्यांनी तुला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही, त्या तर सगळ्यांत मोठ्यानं रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू. पण मला खरं तर तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं शेवटचं भांडण अर्धं राहिलं आणि ते तसं टाकून जायचा तुला काही एक अधिकार नव्हता.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत होते. विटा, आटपाडी करत म्हसवडला उतरले आणि आपल्या वस्तीवर पोचले, तर अंगणात दोन कामं एकदम चाललेली. बायका हिरवी साडी आणि हिरवा चुडा घेऊन तुझ्या उशाशी बसल्या होत्या. आणि भावकीतले आपले नाना, ज्यांना दुसऱ्याच्या मयताचा फार उरक, ते फोनवर कुणाला तरी मुंबईहून पहिल्या गाडीनं निघायला सांगत होते.

"कोण येणार हाय, नाना?" मी विचारलं.

"तुज्या आत्तीचे मालक. अग्नी त्येंनीच द्याचा. त्ये येस्तवर थांबाय लागंल."

"कुठले मालक?"

"आसं काय इचारतीस, पोरी? नवरा जिता हाय तिचा. आहेव गेली बाई. नशीब काडलं."

नशीब! तुझं नशीब मला तोंडपाठ आहे. लग्नानंतर तू सासरी राहिलीस आणि तो मुंबईला. तिथं त्यानं दुसरा संसार थाटला आणि तुला निरोप धाडला, की तू गावात राहून आईबापाची उस्तवार कर, खायला-ल्यायला कमी पडू देणार नाही. म्हणजे त्यानं तुला टाकलं नव्हतं. त्याच्या सोयीनं ठेवलं होतं. टाकलंस ते तू. एका सकाळी लग्नात बापानं दिलेल्या दोन मेंढ्या दावणीच्या सोडल्यास आणि त्या हाकत पायी माहेरी आलीस. मंगळसूत्राचे मणी मोडून आणखी मेंढ्या घेतल्यास. आजी ऊर बडवायला लागली तेव्हा तिला म्हणालीस, "गळ्यात नुसतंच लोंबत हुतं, आये. आता रानात चरून तरी येतंय."

हे सगळं त्या अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी तुला हिरवं नेसवायला ते निघाले होते. मी म्हणाले, "ह्ये नेसवू नका. आत्ती म्हणायची, मला हिरवं नेसवलं तर उठून बसंन." एक म्हातारी म्हणाली, "मग उठू दे की बाय, बरंच हाय." सगळ्याच हसल्या आणि पुन्हा रडायला लागल्या. हसण्यानं काम भागत नव्हतं. नाना म्हणाले, "शिकल्यात पोरी, म्हनून काय शास्तार मोडायचं? नवरा हाय तर बाई आहेव. ह्यात तुजं कालेज काय करनार?"

माझ्या कॉलेजनं काही केलं नाही. केलं ते आबांनी. सबंध उमर मुंबईला ओझी वाहून आता घरी बसलेला, चार शब्द बोलायला आठ दिवस घेणारा तुझा भाऊ, माझा बाप. ते तुझ्या पायाशी बसले होते, तिथूनच म्हणाले, "जांभळं लुगडं काडा तिचं. जत्रंत घेतल्यालं. आन् कुणासाठी थांबायचं न्हाई. अग्नी मी देतो."

कुंकू मात्र तुला लावलंच, मोठं, आडवं. त्यावर मी भांडले नाही. कुणी टोचून बोललं की तू सांगायचीस, "कुकू मी लगनाच्या आदीपासनं लावती. त्ये त्येच्या बापाचं न्हवं." म्हणून आईनं तुझ्याच डबीतलं लावलं. जांभळ्या लुगड्यात, मोठ्या कुंकवात तू अगदी यात्रेला निघाल्यासारखी दिसत होतीस. मला तुझा अभिमान वाटला आणि तेवढाच रागही आला.

राग कशाचा, ते सांगते. मला थोडं मागं जाऊ दे.

तुला आठवत असेल, मी बारावी झाले तेव्हा घरात कुणालाच कळेना हिचं पुढं काय करायचं. मी म्हणाले, सांगलीला समाजकार्य शिकायला जाते. डोक्यात एकच चित्र होतं. दुष्काळात आपण जनावरांच्या छावणीत राहिलो होतो, तिथं एका संस्थेची बाई यायची. खांद्याला शबनम, पायात बूट, हातात पेन. ती आली की माणसं उठून उभी राहायची. तिनं कुणाच्या पाठीवर हात ठेवला की तो माणूस दिवसभर सांगत फिरायचा. मला ती बाई व्हायचं होतं. समाजकल्याण म्हणजे देणं आणि देणारा म्हणजे चांगला, एवढंच माझं शिक्षण तेव्हा झालेलं.

"म्हंजी नक्की काय शिकनार?" तू मेंढीचे खूर साफ करत विचारलंस.

"लोकांचं कल्याण करायला शिकणार."

"लोकांनी बोलीवलंय व्हय तुला?"

मी उत्तर देणार तर म्हणालीस, "कळलं, कळलं." आणि दुसऱ्याच दिवशी दोन नर विकून माझी सोय केलीस. तुझं हे असं असायचं. तोंडानं पाय ओढायचा आणि हातानं ढकलत पुढं न्यायचं.

सांगलीत पहिल्या वर्षी मी देण्याच्या प्रेमात आकंठ बुडाले होते. कृष्णेचं पाणी नदीकाठच्या वस्तीत शिरून ओसरलं होतं आणि आम्हा विद्यार्थ्यांना तिथं कामाला पाठवलेलं. एका शाळेच्या पटांगणात जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता. लग्नातल्या शेरवान्या, एका पायाचे मोजे, चमकीचे फ्रॉक. घराघरातून माणसांनी मनावरचं ओझं उतरवावं तसे ते उतरवलेले. त्यातून बरं शोधून पिशव्या भरायच्या आणि रांगेतल्या बायकांना द्यायच्या. पिशवी देताना फोटो. पिशवी छातीशी धरायची आणि समोर बघायचं. एक बाई दर वेळी तोंड फिरवायची. मीच उत्साहानं तिला म्हणाले, "मावशी, जरा इकडं बघा." तिनं पिशवी टेबलावर परत ठेवली, पदर सारखा केला आणि चिखलातून चालत निघून गेली. तिच्या मागची बाई मात्र पुढं आली आणि फोटोसाठी हसली, कारण तिला पिशवी हवी होती. मला त्या दोघींचंही नाव माहीत नाही, पण माझा अभ्यासक्रम त्या दिवशी सुरू झाला.

त्याच वर्षी थंडीत तुझी मेंढरं सांगलीजवळच्या मळ्यात बसली होती. दर साली तू खाली उतरायचीस, ऊस तुटलेल्या रानात. मी सायकलवरून तुला भेटायला आले तर तो बागायतदार, ज्याच्या घरापुढं दोन मोटारी, तो तुझ्यापुढं उभा राहून आर्जवं करत होता, "आवं मावशी, आजून दोन रात्री बसवा की हितं मेंढरं, खालच्या तुकड्यात खत पडलंच न्हाई." आणि तू वाघरीची मेख ठोकत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणाची, वर न बघता म्हणत होतीस, "बगू. जुंदळा चांगला निवडून दिलासा तर बसवू." त्याला मेंढरांचं खत हवं, तुला मेंढरांना चारा आणि घरी न्यायला दाणा. दोघंही देणारे आणि दोघंही घेणारे. कुणी कुणाचा फोटो काढत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात आमच्या बाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: दया, कल्याण, हक्क. मधल्या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा बिचारा दोन्हीकडं झुकतो. कुठल्या बाजूला ओढायचा ते तुम्ही ठरवा." मी ठरवून टाकलं. मला शबनमवाली बाई व्हायचं नव्हतं आता. रांगेतल्या बाईला तोंड न फिरवता घेता आलं पाहिजे, कारण ते तिचंच आहे, हे मला कळलं आणि कळल्यावर मी अगदी असह्य झाले. सुट्टीला घरी आले की जो भेटेल त्याला हक्क समजावून सांगायची. आबा मेंढरांच्या मागं निघून जायचे. तू एकटी ऐकायचीस, म्हणजे वाक्याच्या मध्यापर्यंत.

शेवटच्या वर्षी प्रकल्पाला मी विषय घेतला, नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायका. आणि पहिली मुलाखत तुझी घ्यायला बसले. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस.

"मला कशापायी इचारतीस?"

"तू परित्यक्ता आहेस ना, म्हणून."

"म्हंजी काय?"

"नवऱ्यानं टाकलेली."

तू पाण्याचा तांब्या उचललास आणि भिरकावलास. माझ्या कानाजवळून गेला, भिंतीला खळगा पडला, तो अजून आहे. "कुणी कुणाला टाकलं गं? माज्याच घरात बसून माज्याच तोंडावर मला टाकल्याली म्हनतीस?" मग तीच भाकरी माझ्या ताटात वाढलीस. मी तेव्हा माफी मागितली नाही आणि आजही मागणार नाही. शब्द माझा नव्हता, मला शिकवलेला होता. पण तो पहिल्यांदा उलटा धरून बघितला, तो त्या तांब्यामुळं. साऱ्या पुस्तकांत बाईच्या बाबतीत काहीतरी घडतं. ती टाकली जाते, सोडली जाते, निराधार होते. ती स्वतः उठून दोन मेंढ्या घेऊन चालू लागते, असं क्रियापद त्या पुस्तकांत नव्हतंच.

इथवर तुझं बरोबर होतं. आता तुझं चुकलं ते सांगते आणि आता मधे बोलू नकोस.

शिक्षण झालं, मी सांगलीतल्या एका छोट्या संस्थेत लागले. एकट्या बायकांचे अर्ज भरून देणं, कचेरीत खेटे घालणं हेच काम. तुझे गुडघे गेले होते, खाली मेंढरं घेऊन उतरणं थांबलं होतं. मी म्हणाले, आत्ती, सरकारचं मासिक मानधन मिळतं, नियमात तुझ्यासारखीला जागा आहे. गावानं एक दाखला द्यायचा, नवऱ्यानं टाकलेली आहे असा. अर्जावर वरती योजनेचं नाव छापलेलं होतं, ते तू अक्षर अक्षर लावून वाचलंस. निराधार.

"मी निरादार? माज्या आदारावर तुमी चार भैनी शिकलाय. तुजा बाप मुंबैत हुता तवा ह्ये घर कुनी धरलं हुतं? सई न्हाई करनार जा."

"आत्ती, नुसता शब्द आहे गं तो."

"नुसता शब्दच हाय तर मग तू बदल की. तुजं नाव बदलताना मी कुनाला इचारलं हुतं?"

हे हत्यार तू फार क्वचित काढायचीस. मी चौथी मुलगी. आपल्याकडं पोरी थांबाव्यात म्हणून चौथीला काय नाव ठेवतात ते सगळ्यांना माहीत आहे. आजीनं बारशाच्या आधीच ठरवून टाकलं होतं, नकुशी. पण पाळण्यात नाव सांगायचा मान आत्तीचा. बायका भोवती जमल्या, तू वाकलीस, माझ्या कानात कुर्र केलंस आणि मोठ्यानं म्हणालीस, "हौसा!" आईनं सांगितलेलं आहे मला, की नाव सांगितल्यावर आत्तीच्या पाठीत गमतीनं धपाटे घालतात ना, तसे त्या दिवशी घातले ते गमतीचे नव्हते. पाठ लाल करून घेतलीस, पण नाव बदललं नाहीस. वर्गात पोरं मला हसायची, एवढं जुनं नाव कसलं म्हणून. मी कधीही त्यांना सगळं सांगितलं नाही. आपल्याच वस्तीवर एका बाईचं नाव अजून नकुशी आहे आणि तिला हाक मारताना माझा आवाज दर वेळी खाली जातो.

तर तू सही केली नाहीस आणि मी ते सोडून दिलं. तुझा प्रश्न होता, तुझा अधिकार. पण शेवंताचं काय, आत्ती?

पलीकडच्या घरातली शेवंता. तिनं नवरा सोडला नव्हता, तो खरोखरच निघून गेला, दोन लेकरं पदरात टाकून. तिला ना मेंढरं, ना भाऊ. रोज कुणाच्या तरी रानात खुरपायला जायचं, पाऊस नसला की तेही नाही. तिचा अर्ज मी भरून आणला, ती तयार झाली, आणि तू तिला अंगणातून ओरडून सांगितलंस, "तसल्या कागदावर सई करशील तर माज्या दारात येऊ नगंस." ती बिचारी तुला देवाच्या जागी मानायची. तिनं कागद घडी करून मला परत दिला.

मी त्या दिवशी तुझ्यावर जेवढी ओरडले तेवढी कुणावर ओरडले नाही. म्हणाले, तुला हा ताठा परवडतो. "परवडत न्हवता तवाबी हुता," तू म्हणालीस. हो, होता. पण तुला तेव्हाही परत यायला एक घर होतं, दार उघडणारा भाऊ होता, हाकायला दोन मेंढ्या होत्या. शेवंताच्या लेकरांनी तुझ्या ताठ्याचं कालवण करून भाकरीशी खायचं का? हक्काचं सोडून देणं हा बाणेदारपणा नाही, आत्ती. ज्यांनी तो घाणेरडा शब्द छापला त्यांचंच काम त्यानं सोपं होतं. तू सही केली नाहीस म्हणून कचेरीत कुणाची झोप उडाली नाही. एक अर्ज कमी आला एवढंच. हे सगळं मला सांगायचं होतं. मी म्हणाले, "तुला भाऊ तरी होता, तिला..." आणि तुझा हात आडवा आला. "कळलं, कळलं."

मी पिशवी उचलली आणि गाडीला गेले. तू दारापर्यंत आली नाहीस. मागं वळून बघितलं असतं तर कदाचित उभी दिसली असतीस. मी बघितलं नाही. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा तशीच ओरडेन, हे तुला सांगून ठेवते.

पण एक तुला सांगायचं राहिलं होतं. पुस्तकांनी मला शेवंताच्या बाजूला उभं राहायला शिकवलं खरं. अशा वेळी समोर कुणीही असो, मागं हटायचं नाही, हे मात्र मी तुझ्याकडून शिकले होते आणि ते वापरलं तुझ्यावरच.

आता दहाव्याचं ऐक.

माणगंगेच्या वाळूत आम्ही सगळे. पाणी नव्हतंच, आबांच्या अंघोळीपुरता झरा उकरला होता. पिंड ठेवले, मागं सरकलो. बाभळीवर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. आबा हात जोडून म्हणाले, "ताई, मेंढरं मोडनार न्हाई." कावळा हलला नाही. आई म्हणाली, "पोरींना माघारी माहेर हाय, काळजी करू नगा." नाही. नाना पुढं झाले, "तेराव्याला सवाष्ण जेवू घालू, मालकास्नी बोलवू." तेव्हा तर जवळ होता तो कावळाही उडून लांबच्या फांदीवर गेला. मला तिथं हसू आलं, आत्ती.

ऊन चढलं. माणसं घामाघूम. मग नानांनाच सुचलं, "शेवंते, तू बोल. त्या कागदाचं तिला लागून ऱ्हायलं आसंल." सगळ्यांची तोंडं शेवंताकडं वळली. ती मागं उभी होती, धाकटं कडेवर. ती पुढं आली. हात जोडले. मला दिसलं की ही आता सही न करायचं सगळ्यांच्या देखत कबूल करणार आणि दहाव्याला पिंडापुढं दिलेला शब्द बाई मोडत नाही. तिची लेकरं त्या शब्दाखाली वाढणार.

"आत्ती," शेवंता म्हणाली, "मी सई..."

"शेवंता, थांब."

मी तिच्या पुढं जाऊन उभी राहिले. पिंडाकडं न बघता सरळ बाभळीकडं बघत बोलले. आवाज मोठाच होता, आपल्याकडं कुणाचा लहान आहे? "आत्ती, ती बोलनार न्हाई, मी बोलते. आपलं भांडन मिटल्यालं न्हाई. मला तुजं पटल्यालं न्हाई, तवा बी न्हाई आन् आज बी न्हाई. तू उपाशी ऱ्हाशील म्हनून मी खोटं बोलनार न्हाई."

"आगं ये, गेलेल्या मानसाशी भांडतीस?" नाना ओरडले.

"शिवायचं तर शिव, न्हाईतर बस तिथंच. शेवंता सई करनार. त्ये तिच्या हक्काचं हाय. आनि..."

कावळा आला. तिरका झेपावत, कुणाला कळायच्या आत. पिंडाला चोच मारली, आणखी एक मारली आणि दोन उड्या मारून घास घेऊन गेला.

कावळ्याला भूक लागली असेल. माणसं मागं सरकली असतील म्हणून धीर आला असेल. मला कळतं ते, मी शिकलेली आहे. पण माझा "आणि" तोंडातच राहिला होता, आणि डोई भादरलेले, तोंड सुकलेले आबा एकदम हसले. दहाव्याच्या वाळूत, सगळ्या भावकीसमोर. "बोलू दिलं न्हाई बग," ते म्हणाले. "बोलू दिलं न्हाई." हसता हसताच त्यांना रडू फुटलं. तू गेल्यापासून ते पहिल्यांदा रडले.

तेराव्याला सवाष्णीचं पान मांडलं, त्या पाटावर आईनं स्वतः बसायचं सोडून शेवंताला बसवलं आणि तिची ओटी भरली. नाना जेवायला थांबले नाहीत. मालक आले नाहीत, त्यांना रजा मिळाली नाही म्हणे. तुझं काही अडलं नाही.

तर त्या "आणि"च्या पुढचं आता ऐकून घे. काल शेवंता आणि मी दहिवडीला कचेरीत गेलो. सही करायच्या आधी तिनं तो शब्द वाचला, थोडा वेळ वाचतच राहिली, मग माझ्याकडं बघितलं आणि खाली सावकाश आपलं नाव काढलं. तिचा अर्ज दिला आणि त्याच टेबलावर मी दुसरा अर्ज ठेवला. माझा. त्यात लिहिलं होतं, की दाखल्यातला "टाकलेली" हा शब्द काढून टाकावा आणि योजनेला असं नाव द्यावं की जे लावून घेताना बाईला मान खाली घालावी लागणार नाही. टेबलामागचे साहेब भले होते, पण म्हणाले, असला अर्ज घ्यायची पद्धत नाही. मी म्हणाले, आज नसेल. पोच घेतल्याशिवाय मी खुर्ची सोडली नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, त्याच्या पुढच्याही.

शिक्का मारताना त्यांनी माझी सही निरखून बघितली. "हौसा? एवढ्या तरण्या पोरीचं नाव इतकं जुनं कसं?"

"आधी दुसरं ठरलं होतं," मी म्हणाले. "माझ्या आत्तीनं बदललं."